हरकतीचा अर्ज

माझं अक्षर चांगलं आहे. शाळेत असताना फळ्यावर सुविचार लिहायला मलाच उभं करायचे. पुढे तालमीत आलो, तर सामन्यांचे बोर्ड, वर्गणीच्या पावत्या, खेळाडूंच्या याद्या, सगळं माझ्याकडे आलं. त्याच अक्षरात मी एकदा एक अर्ज लिहिला. त्याला तीस वर्षं उलटून गेली. तो अर्ज मला पुन्हा दिसला तो दक्षिण अमेरिकेतल्या एका जुन्या फुटबॉल स्पर्धेबद्दल वाचताना. म्हणून आधी त्या स्पर्धेचं सांगतो.

कोल्हापूरच्या माणसाला ब्राझील आणि अर्जेंटिना ही नावं परकी नाहीत. वर्ल्डकप आला की आमच्या गल्ल्यांच्या भिंती पिवळ्या-हिरव्या नाहीतर आकाशी-पांढऱ्या होतात. चौकाचौकात माणसापेक्षा मोठे कटआउट उभे राहतात आणि सख्ख्या भावांत दोन पार्ट्या पडतात. आमच्या घरात १९८६ पासून अर्जेंटिना आहे. मॅराडोना टीव्हीवर दिसला, तेव्हा आमचा टीव्ही ब्लॅक अँड व्हाइट होता, त्यामुळे त्याच्या जर्सीचा खरा निळा मी पहिल्यांदा पाहिला तो भिंतीवर रंगवलेला. २०२१ च्या जुलैत, ११ तारखेला पहाटे साडेपाचला कोपा अमेरिकाची, म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या देशांच्या स्पर्धेची, फायनल लागली. बाहेर कोरोनाचे निर्बंध होते, पावसाची झड लागली होती. माराकानावर डी मारियाने ब्राझीलवर एकमेव गोल केला आणि अर्जेंटिना जिंकली. पुतण्या आनंदाने रडत होता. मी चहा घेऊन मोबाइलवर आजवरच्या विजेत्यांची यादी बघत बसलो. यादी खाली सरकवत सरकवत शेवटपर्यंत गेलो. तिथे सर्वांत जुनी ओळ होती : १९१६, उरुग्वे.

उरुग्वेचा झेंडा आमच्या गल्लीत मी कधी पाहिलेला नाही. दोन मोठ्या देशांच्या मधे चिमटीत धरल्यासारखा तो देश. १९०८ च्या जनगणनेत त्याची लोकसंख्या दहा लाखांच्या थोडी वर भरली होती. तो पहिला कसा आला, एवढं बघायला मी वाचायला लागलो आणि त्यात अडकलो. स्पॅनिश मला येत नाही. भाषांतर करून करून, रात्री जेवणं झाल्यावर, दोन वर्षं वाचत होतो.

ब्युनोस आइरेस आणि माँटेव्हिडिओ या दोन राजधान्यांच्या मधे रिओ दे ला प्लाता नावाचं अफाट पाणी आहे. नाव नदीचं, पण मुखाशी समुद्रासारखं रुंद. दोन शहरांतलं अंतर दोनशे किलोमीटरच्या थोडं वर, म्हणजे आपल्या कोल्हापूर-पुण्याएवढं. संध्याकाळी बोट धरली की सकाळी पलीकडे. भाषा एक, बोलण्याचा हेल जवळजवळ एक, 'माते' नावाच्या पाल्याच्या काढ्याची सवय एक. आणि एवढं सगळं एक असल्यामुळेच चुरस कडवी. लांबच्या माणसाकडून हरलं तर वाईट वाटतं. शेजाऱ्याकडून हरलं तर दुसऱ्या दिवशी दूध आणायला बाहेर पडणं अवघड होतं. पेठेत वाढलेल्या माणसाला हे वेगळं सांगावं लागत नाही.

१९०२ मध्ये अर्जेंटिनाने माँटेव्हिडिओत जाऊन उरुग्वेला ६-० हरवलं. १९०५ पासून चहावाल्या लिप्टनसाहेबांनी दिलेल्या कपासाठी या दोघांच्या लढती सुरू झाल्या. होय, तोच लिप्टन, ज्याच्या चहाचे पुडे आपल्याही घरात आले. स्कॉटलंडचा माणूस, चहा सिलोनचा, आणि कप ला प्लाताच्या दोन काठांवरच्या पोरांनी खेळायचा. तोवर फुटबॉल तिथे रेल्वेतल्या, बँकेतल्या, शाळांतल्या इंग्रजांचा खेळ होता. या दहा-पंधरा वर्षांत तो इंग्रजांच्या हातून स्थानिक पोरांच्या पायात आला.

मग आला १९१६ चा जुलै. ९ जुलै १८१६ ला तुकुमान शहरात अर्जेंटिनाचं स्वातंत्र्य जाहीर झालं होतं, त्याला शंभर वर्षं पूर्ण होत होती. त्या सोहळ्यासाठी ब्युनोस आइरेसमध्ये चार शेजाऱ्यांची स्पर्धा ठरली : अर्जेंटिना, उरुग्वे, ब्राझील आणि चिली. प्रत्येकाने प्रत्येकाशी खेळायचं, जिंकलं तर दोन गुण, बरोबरी झाली तर एक. हीच पुढे कोपा अमेरिका झाली. हे नाव मात्र १९७५ मध्ये आलं. त्या वेळी ती नुसती दक्षिण अमेरिकेची अजिंक्यपद स्पर्धा होती.

तारखा शेजारी शेजारी ठेवल्या की अंगावर काटा येतो. १ जुलै १९१६ ला युरोपात पहिल्या महायुद्धातली सोमची लढाई सुरू झाली. त्या एका दिवसात ब्रिटिश सैन्याचे एकोणीस हजारांवर जवान मेले. बर्लिनचं ऑलिम्पिक त्याच वर्षी व्हायचं होतं, ते रद्द झालं होतं. ज्यांनी जगाला फुटबॉल दिला ते शेजारी एकमेकांना चिखलात गाडत होते, आणि दुसऱ्या दिवशी, २ जुलैच्या रविवारी, पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला चार शेजारी एका चेंडूसाठी जमत होते. युरोपातल्या देशांची अशी स्पर्धा उभी राहायला १९६० साल उजाडावं लागलं.

सामने ज्या मैदानावर झाले, त्या क्लबच्या नावापाशी मी बराच वेळ थांबलो. हिमनासिया इ एस्ग्रिमा. अर्थ शोधला तर 'व्यायाम आणि तलवारबाजी'. म्हणजे तालीमच की! आमच्याकडे फुटबॉलचे संघ तालमींचे आणि तरुण मंडळांचे असतात. जिथे आजोबांनी लाल मातीत जोर मारले, लाठी-लेझीम केली, त्याच तालमीच्या नावाची जर्सी घालून नातू शाहू स्टेडियमवर उतरतो. बाहेरगावच्या लोकांना या नावांचं नवल वाटतं. ब्युनोस आइरेसच्या माणसाला वाटलं नसतं.

पहिला सामना उरुग्वे आणि चिलीचा. स्पर्धेच्या इतिहासातला पहिला गोल होसे पियेन्दिबेनेचा. त्याला लोक 'एल माएस्त्रो' म्हणत, आपल्या भाषेत मास्तर. समोरच्या संघाचा मान राखायचा म्हणून गोल केल्यावर तो नाचायचा नाही, अशी त्याची ख्याती. त्या दिवशी मास्तरने दोन गोल केले. उरलेले दोन केले इसाबेलिनो ग्रादिनने. निकाल ४-०.

ग्रादिन तेव्हा एकोणीसचाही नव्हता. त्याचा वाढदिवस ८ जुलैचा, त्याला सहा दिवस बाकी होते. माँटेव्हिडिओच्या पेन्यारोल क्लबचा डावीकडचा फॉरवर्ड. पुढे १९१९ मध्ये हाच पोरगा दक्षिण अमेरिकेच्या ॲथलेटिक्स स्पर्धेत २०० आणि ४०० मीटर दोन्ही जिंकला, यावरून त्याच्या पायातला वेग कळावा. त्याच्या मागे हाफबॅकला होता हुआन देलगादो. दोघेही काळे. आफ्रिकेतून साखळदंडात आणलेल्या माणसांचे वंशज. उरुग्वेत गुलामगिरी कायद्याने संपली १८४० च्या दशकात. म्हणजे ग्रादिनच्या घरातल्या जुन्या माणसांच्या आठवणीत ती असणारच.

दुसऱ्या दिवशी चिलीच्या संघाने लेखी हरकत घेतली. सामना रद्द करा. कारण काय, तर उरुग्वेने संघात दोन आफ्रिकी खेळवले.

हे वाक्य मी भाषांतरात वाचलं तेव्हा रात्रीचे साडेअकरा झाले असतील. मी मोबाइल पालथा ठेवला आणि दिवा बंद केला. झोप आली नाही.

नव्वदच्या सुरुवातीची गोष्ट. आमच्या लहानशा संघाचा एका स्पर्धेत सामना होता. संघाचं नाव सांगत नाही, समोरच्यांचंही नाही. मी लेफ्ट बॅक, म्हणजे डाव्या बाजूचा बचाव माझा. माझ्या अंगावर राइट आउटला, त्यांच्या उजव्या कडेने चढाई करणारा, एक पोरगा होता, सतरा-अठराचा, काटकुळा. त्याच्या उजव्या बुटाचा तळ पुढून उचकटला होता आणि त्याने सायकलच्या ट्यूबची पट्टी कापून वरून दोनदा गुंडाळली होती. तो पळायला लागला की त्या पट्टीचं सुटलेलं टोक बुटावर फट् फट् वाजायचं. पहिल्या हाफमध्ये मी त्या आवाजावरून त्याचा अंदाज घ्यायला लागलो. आवाज थांबला की तो थांबला, आता कट मारून आत येणार. सेकंड हाफमध्ये त्याच्या ते लक्षात आलं असावं. त्याने टोक आत खोचलं आणि आवाज बंद झाला. त्यानंतर तो माझ्या डावीकडून गेला, उजवीकडून गेला, एकदा तर मी वळेपर्यंत चेंडू जाळीत होता. दोन गोल त्याने एकट्याने केले. आम्ही २-० हरलो.

संध्याकाळी तालमीत सगळे गप्प बसलो होतो. मग कुणीतरी म्हणालं, "त्यो पोरगा त्यांच्या पेठेतला न्हाई. हरकत घ्यायची."

पुढचं बोलणं मी इथे लिहू शकत नाही. तो कुठल्या वस्तीत राहतो, त्याचे वडील काय काम करतात, त्याच्या घरचे कोण, हे सगळं तालमीतल्या त्या खोलीत दहा मिनिटांत बोलून झालं. शेजारच्याच वस्तीतला तो, आम्हाला त्याचं सगळं माहीत होतं. बोललो ते एक आणि कागदावर आलं ते एक. कागदावर आलं, 'सदर खेळाडूच्या प्रवेश अर्जावरील पत्ता संशयास्पद असून त्याची चौकशी व्हावी.' हे वाक्य माझं. अक्षर माझं. खाली कॅप्टनची सही आणि शेजारी माझी. हरकतीची फी भरायला आम्ही जागेवर वर्गणी काढली, मी पाच रुपये दिले.

कमिटीने दुसऱ्या दिवशी हरकत फेटाळली. पत्ता बरोबर होता. फी जप्त झाली. आम्ही आठवडाभर कमिटीला शिव्या दिल्या आणि विसरून गेलो. मी तर इतका विसरलो, की तीस वर्षांनी ब्युनोस आइरेसच्या त्या अर्जाबद्दल वाचल्यावरच मला माझा अर्ज आठवला. आठवल्यावर मात्र शब्दन्‌शब्द आठवला. 'संशयास्पद' मधला 'स्प' मी किती वळणदार काढला होता तेसुद्धा.

चिलीची मागणी मान्य झाली नाही. निकाल ४-० असाच राहिला आणि चिलीवाल्यांनी नंतर माफी मागितली. उरुग्वेने पुढच्या दोन्ही सामन्यांत ग्रादिनला खेळवलं. माझ्या मते या स्पर्धेतली सगळ्यांत मोठी गोष्ट हीच. गोल मोठे नाहीत, कप तर त्या वर्षी दाखवण्यासारखा नव्हताच. एका छोट्या देशाला शेजाऱ्यांनी विचारलं, हे तुमचे कोण? त्याने काही भाषण केलं नाही, पुढच्या यादीत तेच नाव पुन्हा लिहिलं.

याच काळात इथे कोल्हापुरात काय चाललं होतं, हे मनात आल्याशिवाय राहत नाही. ज्यांच्या नावाच्या स्टेडियमवर आम्ही खेळलो त्या शाहू महाराजांनी १९०२ मध्येच मागासलेल्या समाजांसाठी संस्थानच्या नोकऱ्यांत निम्म्या जागा राखून ठेवल्या होत्या. भाऊसिंगजी रोडवर गंगाराम कांबळे यांनी हॉटेल काढलं आणि तिथला चहा कुणी पिईना, तेव्हा महाराज स्वतः गाडी थांबवून तिथे चहा घ्यायचे, बरोबरच्यांनाही द्यायला लावायचे. ही गोष्ट आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. मी ती शाळेत भाषणात सांगितलीय, बक्षीस मिळवलंय. आणि तरी तो अर्ज लिहिला. गोष्ट पाठ असणं आणि गोष्ट अंगात उतरणं यांत केवढं अंतर असतं, हे मला चाळिशी ओलांडल्यावर कळायला लागलं.

महाराजांचं आणखी एक. युरोपच्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं आणि परत येऊन खासबाग मैदान बांधलं. १९१२ मध्ये ते तयार झालं. खोलगट, वाडग्यासारखं, मधे हौदा. शेवटच्या रांगेतल्या माणसालाही कुस्ती दिसली पाहिजे, हा त्यातला विचार. चार वर्षांनी ब्युनोस आइरेसच्या त्या लाकडी स्टँडच्या मैदानावर नेमका हाच विचार कमी पडला. पण ते शेवटाकडे.

मधले सामने भराभर झाले. ६ तारखेला अर्जेंटिनाने चिलीचा ६-१ असा धुव्वा उडवला. ८ ला चिलीने ब्राझीलला १-१ रोखलं, त्यांना मिळाला तो एवढा एकच गुण. ९ जुलैला, नेमक्या शंभराव्या वर्षदिनी, एक्तोर रिवादाविया गोमेस या उरुग्वेच्या माणसाने चारही देशांपुढे प्रस्ताव ठेवला, की आपली एक कायमची संघटना हवी. तिथे दक्षिण अमेरिकेच्या फुटबॉल महासंघाची पायाभरणी झाली. जगातला असा खंडाचा पहिला महासंघ. तोही छोट्या देशाच्याच माणसाच्या डोक्यातून निघाला. दोन मोठ्यांच्या मधे राहणाऱ्याला टेबल लागतं, जिथे सगळ्यांच्या खुर्च्या सारख्या उंचीच्या असतात.

१० तारखेच्या अर्जेंटिना-ब्राझील सामन्याची एक गोष्ट मला फार आवडते. अर्जेंटिनाचा ओहाको ऐन वेळी खेळू शकला नाही. तेव्हा प्रेक्षकांत बसलेल्या होसे लागुनाला बोलावून जर्सी दिली, असं सांगतात. त्याने उतरून गोल केला. सामना १-१ सुटला. आपल्याकडेही असं व्हायचं. गॅलरीत शेंगा खात बसलेल्या पोराला 'ए, बूट आणलायस का?' म्हणून खाली बोलवायचे.

१२ जुलैला ब्राझील-उरुग्वे. ब्राझीलचा गोल आर्थर फ्रिडेनराइखचा. वडील जर्मन वंशाचे, आई काळी, जन्म १८९२ चा. ब्राझीलमध्ये गुलामगिरी कायद्याने बंद झाली १८८८ मध्ये, त्यानंतर अवघ्या चार वर्षांनी. मग ग्रादिनने बरोबरी केली आणि तोन्योलाने दुसरा गोल केला. उरुग्वे २-१. मी हा सामना मनात अनेकदा खेळून बघितलाय. एका बाजूला फ्रिडेनराइख, दुसऱ्या बाजूला ग्रादिन. दोघांनाही मैदानाबाहेर कुणी ना कुणी विचारत असणार, तू कुठला? चौथी पिढी, पाचवी पिढी, कितीही पुढे गेलं तरी हा प्रश्न काही माणसांनाच विचारला जातो. मैदानावर मात्र चेंडू पायात आल्यावर तो विचारायला कुणाला फुरसत नसते. माझ्या अंगावरच्या त्या पोराला मीसुद्धा नव्वद मिनिटांत एकदाही विचारला नव्हता. मला तेवढा श्वासच उरला नव्हता.

शेवटचा सामना यजमान अर्जेंटिना आणि उरुग्वेचा, रविवारी, १६ जुलैला. उरुग्वेचे चार गुण, अर्जेंटिनाचे तीन. अर्जेंटिनाला जिंकायलाच हवं होतं. लोक इतके आले की मैदानाला मावेनात. कुंपणं, कडे सगळं मोडून गर्दी खेळाच्या रेषेवर आली. पाच मिनिटांत सामना थांबवावा लागला. तिकीट काढून आलेले, काही न दिसलेले, तासन्‌तास थंडीत उभे राहिलेले लोक भडकले आणि लाकडी स्टँडला आग लागली. शंभर वर्षांच्या स्वातंत्र्याचा सोहळा, आणि त्याच मैदानावरून धुराचे लोट.

मी गर्दीतलाच माणूस आहे. शाहू स्टेडियमच्या गॅलरीत माझं आयुष्य गेलं. एका गोलनंतर वीस हजार माणसांचा आवाज छातीत घुमतो तेव्हा जगात दुसरं काही नको वाटतं, आणि त्याच आवाजाचं दोन मिनिटांत दगडात रूपांतर होताना मी पाहिलंय. डोळ्यांदेखत पोरांची डोकी फुटलेली पाहिलीत, सामने बंद पडलेले पाहिलेत, काही दिवस मैदान ओस पडलेलं पाहिलंय. दरवेळी आम्ही म्हणतो बाहेरचे आले, त्यांनी केलं. आग लावणारे त्या दिवशीही ब्युनोस आइरेसचेच होते. प्रेम करायला तिकीट काढून आलेले. मला त्यांचा राग येत नाही. ज्याने त्यांना आत घेतलं आणि उभं राहायला जागा दिली नाही, त्याचा येतो. खासबागेची पायरी अन् पायरी मोजून बांधणारा माणूस मला त्या क्षणी फार मोठा वाटतो.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, सामना शहराला लागूनच्या आवेयानेदात रासिंग क्लबच्या मैदानावर घेतला. शिट्टी होती कार्लोस फांता यांच्याकडे, आणि ते होते चिलीचे. ज्या देशाच्या संघाने दोन आठवड्यांपूर्वी हरकत घेतली, त्याच देशाच्या माणसाने आता उरुग्वेचा निवाडा करायचा होता. सामना झाला ०-०. उरुग्वे पाच गुण, अर्जेंटिना चार, ब्राझील दोन, चिली एक. परक्या राजधानीत, परक्या सोहळ्यात, आदल्या दिवशीच्या धुराचा वास अजून कपड्यांना असताना उरुग्वे पहिला विजेता झाला. स्पर्धेत सर्वांत जास्त गोल कुणाचे? ग्रादिनचे, तीन.

पेरूच्या एका कवीने पुढे त्याच्यावर कविता लिहिली. तिचं भाषांतर मी मोबाइलवर वाचलं, धड कळलं नाही, पण ओळी धावताहेत एवढं कळलं. आठ वर्षांनी, १९२४ मध्ये, पॅरिसच्या ऑलिम्पिकला उरुग्वेने सुवर्णपदक जिंकलं, तेव्हा त्यांच्या हाफलाइनमध्ये होसे लेआंद्रो आंद्रादे हा काळा खेळाडू होता आणि अख्खं पॅरिस त्याच्यामागे वेडं झालं. १९३० चा पहिला वर्ल्डकपही उरुग्वेत झाला आणि उरुग्वेनेच जिंकला, फायनलला पुन्हा नदीपलीकडचा तोच शेजारी, ४-२. तेव्हा चेंडू कुणाचा यावरून भांडण झालं आणि दोन हाफ दोघांच्या दोन वेगवेगळ्या चेंडूंनी खेळावे लागले. ग्रादिन त्या दोन्ही संघांत नव्हता. तो १९४४ मध्ये गेला, सत्तेचाळिसाव्या वर्षी.

गेल्या सीझनला एका रविवारी मी शाहू स्टेडियमवर गेलो. ऊन होतं, गॅलरी भरत आली होती. माझ्या पुढच्या पायरीवर एक माणूस नातवाला मांडीवर घेऊन बसला होता. पाठमोरा. त्याने नातवाला खाली काहीतरी दाखवायला हात लांब केला आणि खांद्याच्या त्या हालचालीवरून मी ओळखलं. चेहरा बदलला होता, केस गेले होते. खांदा तोच. सबंध सामनाभर मी त्या खांद्याच्या मागे पळालो होतो.

हाफटाइमला मी बोललो. मी कोण, कुठल्या संघाचा, तेव्हा लेफ्ट बॅक होतो. तो हसला. "व्हय की. दोन मारलेले तुमच्यावर." नातवाच्या हातातल्या शेंगांचा कागद त्याने माझ्यापुढे केला. मी चार शेंगा घेतल्या. मग काय बोलावं सुचेना, म्हणून मी त्याला ग्रादिनची गोष्ट सांगितली. पेठेतल्या माणसाला सांगतात तशी. चार संघ, पहिला सामना, दोन गोल, दुसऱ्या दिवशी हरकत.

"मग?" त्याने विचारलं.

"फेटाळली. माफी मागितली त्यांनी."

"आणि त्या पोराचं?"

"खेळवला पुढं. सगळ्यात जास्ती गोल त्याचेच."

तो मैदानाकडे बघत मान हलवत राहिला. खाली पोरं पाणी पिऊन परत उतरत होती. मी म्हणालो, "आमच्या संघाचा अर्ज मी लिहिला होता. माझ्याच अक्षरात."

"ठाऊक हाय," तो म्हणाला. "कमिटीनं मला बोलावून दाखवला हुता. लई सुंदर अक्षर. म्या वाचला दोनदा."

मी माफी मागितली. जे शब्द आले ते म्हणालो. त्याने माझ्याकडे पाहिलं, काही बोलला नाही. मागून कुणीतरी ओरडलं, "बसा की ओ, दिसंना!" त्याने नातवाला उचलून दुसऱ्या मांडीवर घेतलं, पायरीवर थोडी जागा केली आणि हाताने थोपटून दाखवलं. मी खाली उतरून त्याच्या शेजारी बसलो. पंचांनी शिट्टी दिली. एका संघाच्या राइट आउटला त्या दिवशी एक नवीन पोरगा होता, फार चपळ, आणि आम्ही दोघं तो सामना संपेपर्यंत त्याच्याबद्दलच बोलत होतो.